कारभार तिचा, गादी दुसऱ्याची

 

मागे एका बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि गप्पा सुरू झाल्या. बारावीतली एक मुलगी आईसोबत आली होती. मोबाईलवर तिने इंग्लंडच्या राण्यांची मालिका पाहिली होती. ट्यूडर घराणं, मोठमोठे झगे, राजवाडे, कटकारस्थानं, सगळं तिने रंगवून सांगितलं. मग तिने विचारलं, "ताई, त्या काळात आपल्याकडे नव्हत्या का हो अशा बायका?" होत्या तर. आणि लांब कुठे नाही, आपल्याच जिल्ह्यात होती. आज तिच्याबद्दलच बोलायचं आम्ही ठरवलं आहे. तिचं नाव चांदबीबी.

नाव तुम्ही ऐकलेलं आहे. शाळेच्या सहलीत नगरजवळच्या डोंगरावरचा "चांदबीबी महाल" बघितलेल्याही पुष्कळ असतील. पण ती इमारत चांदबीबीची नाहीच. ती सलाबतखान नावाच्या वजिराची कबर आहे. अष्टकोनी, तीन मजली, दगडाची. हा वजीर १५८९ साली वारला, तेव्हा चांदबीबी हयात होती. पण लोकांच्या तोंडी तिचंच नाव बसलं, ते आजतागायत. कबर पुरुषाची आणि नाव बाईचं, असं आम्ही तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एरवी उलटंच होतं, विहीर बाईच्या पैशाने खणली तरी पाटी नवऱ्याच्या नावाची लागते.

आधी इंग्लंडचं थोडं सांगतो, म्हणजे काळ लक्षात येईल. ट्यूडर घराण्याने तिथे १४८५ ते १६०३ राज्य केलं. आपल्याकडे मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली आणि चारेक वर्षांनी नगर शहर वसवायला घेतलं. म्हणजे दोन्ही घराणी जवळपास एकाच वेळची. त्या इंग्लंडमध्ये जेन ग्रे नावाची एक सरदारघराण्यातली मुलगी होती. वय सोळा-सतरा, वाचनाची भारी आवड. सासऱ्याने आणि मोठ्या मंडळींनी १५५३ साली तिला गादीवर बसवलं. नऊ दिवस ती राणी होती. मग वारं फिरलं आणि पुढच्या फेब्रुवारीत तिचं डोकं उडवलं. डाव मोठ्यांनी मांडला आणि मान तिची गेली. जेन ग्रे गेली तेव्हा आपली चांदबीबी अहमदनगरात तीन-चार वर्षांची असेल.

चांदबीबीचे वडील हुसेन निजामशहा आणि आई खुंजा हुमायून. या आईबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. हुसेनशहा १५६५ मध्ये वारला. मुलगा मुर्तजा लहान, म्हणून काही वर्षं आईने राज्य चालवलं. पोरगा मोठा झाला, दरबाऱ्यांनी त्याचे कान भरले आणि त्याने आईला कैदेत टाकलं. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्या काळातलं एक चित्रांचं हस्तलिखित आहे, हुसेनशहाचं गुणगान करणारं. त्यातल्या चित्रांत राजाच्या शेजारी ही राणी बसलेली होती. होती असं म्हणतो, कारण बऱ्याच चित्रांत तिची आकृती नंतर पुसून टाकलेली आहे. राजा आहे, आसन आहे, दासी आहेत, आणि राणीच्या जागी डाग.

अशा आईची ही लेक. शिकलेली होती. फारसी, अरबी, तुर्की यायची, आणि मराठी, कानडीसुद्धा यायची असं सांगतात. घोड्यावर बसायची, शिकारीला जायची. आणि लग्न? लग्न म्हणजे सरळ साटंलोटं. तेव्हा विजयनगरचा रामराय फार जोरात होता. त्याच्याविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एक व्हायचं होतं. पण निजामशाही आणि आदिलशाही यांचं सोलापूरच्या किल्ल्यावरून जुनं भांडण. मग तोडगा असा निघाला की चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला द्यायची, अलीची बहीण इकडे मुर्तजाला करायची, आणि सोलापूरचा किल्ला मुलीबरोबर आंदण द्यायचा. वय चौदा-पंधरा असेल तिचं. पुढे जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची मोठी लढाई झाली आणि विजयनगर बुडालं. या एवढ्या मोठ्या राजकारणाच्या मुळाशी दोन मुलींची अदलाबदल होती. इंग्लंडमध्येही त्या काळी सरदारांच्या मुलींची लग्नं अशीच ठरायची, जमिनी आणि तह जोडून. तिथे तर लग्नानंतर बाईच्या हातातली मालमत्ता नवऱ्याची व्हायची. आपल्याकडे निदान मेहर बाईची स्वतःची असायची, मिळाली तर.

एवढं होऊनही संसार बरा झालेला दिसतो. अली आदिलशहा तिला मोहिमेवर बरोबर न्यायचा, कारभारातलं बोलायचा. विजापुरात त्याने तिच्या नावाने मोठी बावडी बांधली. चांद बावडी म्हणतात तिला, अजून आहे. मैलभरावरून हंडे आणणाऱ्या बाईला विचाराल तर ती सांगेल की ताजमहालापेक्षा बावडी बरी.

मूलबाळ मात्र झालं नाही. आणि १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला. तिशीतली, विनापत्य विधवा. आपल्या गावात अशा बाईचं काय होतं ते आम्ही सांगायला नको. हळदीकुंकवाला बोलावणं बंद, सातबाऱ्यावर नाव लागेल की नाही याची धास्ती, दीर म्हणतील ते ऐकायचं. चांदबीबीच्या वाट्याला मात्र राज्य आलं. ते तिचं नव्हतं. गादीवर बसला नवऱ्याचा पुतण्या इब्राहीम, वय नऊ. त्याला वाढवायचं, शिकवायचं आणि तो मोठा होईपर्यंत राज्य सांभाळायचं, हे काम तिच्याकडे आलं.

इथून पुढची वीस वर्षं तिचं आयुष्य असंच आहे. विजापुरात ती काकू म्हणून राखणदार. नंतर नगरात आत्याआजी म्हणून राखणदार. गादी प्रत्येक वेळी एखाद्या लहान मुलाची, शिक्का त्याच्या नावाचा. आज आपल्या गावांत सरपंचबाईच्या नावाने पाटी असते आणि खुर्चीत नवरा बसतो. "सरपंच पती" असा शब्दच झाला आहे. चांदबीबीचं उलटं होतं. काम सगळं तिचं आणि नाव पोराचं. दोन्हींत बाईचं नाव आणि बाईचा अधिकार एकत्र येत नाहीत.

विजापुरात पहिला कारभारी कामिलखान. तो डोईजड झाला, म्हणून चांदबीबीने किश्वरखान नावाच्या दुसऱ्या सरदाराला हाताशी धरून त्याला काढलं. मग किश्वरखान त्याहून चढेल निघाला. त्याने मुस्तफाखान नावाच्या एका जुन्या, मानी सरदाराचा घात केला. चांदबीबीने त्याला जाब विचारला. तेव्हा किश्वरखानाने काय केलं असेल? तिच्यावर आळ घेतला की ही माहेराला फितूर आहे, नगरच्या भावाला चिथावून आपल्यावर चाल करून आणते आहे. आणि पोराच्या नावाने हुकूम काढून तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवलं.

बघा मैत्रिणींनो, ज्या पोराची ती काळजी घेत होती, त्याच पोराच्या नावाचा शिक्का तिच्यावर चालला. आणि आळ कुठला, तर माहेरचा. सासरी काही बिनसलं की बोट सुनेच्या माहेराकडे जातं, हे राजवाड्यातही चुकलेलं नाही. त्याच सुमारास राणी असलेल्या इंग्लंडच्या एलिझाबेथनेही तुरुंग पाहिला होता. गादीवर येण्याआधी, १५५४ मध्ये, तिच्या सावत्र बहिणीने तिला लंडनच्या किल्ल्यात कोंडलं होतं, बंडात सामील असल्याच्या संशयावरून.

किश्वरखानाचं फार दिवस चाललं नाही. लोक खवळले, हबशी सरदार उठले, तो पळून गेला आणि पुढे गोवळकोंड्याकडे मारला गेला. चांदबीबी साताऱ्याहून सुटून आली. आली तो समोर नवीन संकट. विजापुरातली भांडणं बघून नगर आणि गोवळकोंडा यांच्या फौजांनी शहराला वेढा घातला. म्हणजे तिच्या सख्ख्या भावाच्याच फौजा. ती तटावर उभी राहिली आणि शहर राखलं. माहेरला फितूर आहे म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर काय द्यायचं? पण अशा उत्तराची नोंद कुणी ठेवत नाही, आळाची मात्र ठेवतात.

तिने वाढवलेला इब्राहीम पुढे चांगला राजा निघाला. संगीताचा वेडा, "किताबे नवरस" नावाचं पुस्तक त्याने लिहिलं, लोक त्याला जगद्गुरू म्हणत. पोरगं हाताशी आल्यावर ती नगरला माहेरी परतली. १५८४ मध्ये इब्राहीमच्या बहिणीचं लग्न नगरच्या राजपुत्राशी लागलं, तेव्हा ती सोबत आली.

माहेर मात्र पोखरलेलं होतं. १५८८ मध्ये भाऊ मुर्तजाला त्याच्याच मुलाने मारलं. पुढच्या सात वर्षांत चार जण गादीवर बसले. १५९५ मध्ये तर कहर झाला. चार गट पडले आणि चार राजे उभे राहिले. गट म्हणजे आपल्यासारखे नव्हेत, आपल्यात निदान दर महिन्याला बैठक होते. दख्खनी सरदार एका बाजूला, हबशी सरदार दुसऱ्या बाजूला, प्रत्येकाच्या हातात एक एक राजा. वजीर मियां मंजू याने तर हद्द केली. आपली बाजू पडते आहे असं वाटल्यावर त्याने गुजरातेत असलेल्या मोगल शहजाद्याला, अकबराच्या मुलाला, मुरादला मदतीला बोलावलं. घरचं भांडण मिटवायला सावकाराला घरात घेतल्यासारखं. मुराद निघाला, आणि मंजूला तोवर पश्चात्ताप झाला. तो विजापूर-गोवळकोंड्याची मदत आणतो म्हणून बाहेर गेला. किल्ल्यात उरली चांदबीबी.

तिने काय केलं? खरा वारस कोण ते ठरवलं. तिच्या भावाचा नातू बहादूर, अगदी लहान मूल. तोही नगरात नव्हता, जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर कैदेत होता. त्याच्या नावाने तिने द्वाही फिरवली आणि किल्ला लढवायला घेतला. राजा एका गडावर कोंडलेला आणि त्याचं राज्य दुसऱ्या गडावर एक बाई राखते आहे. चावंड म्हणजे काही परमुलूख नाही. आपल्या हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरला उतरलं की जुन्नर तालुका लागतो.

डिसेंबर १५९५ मध्ये मुरादने वेढा घातला. नगरचा किल्ला पाहिला असेल तर माहीत असेल, तो डोंगरी किल्ला नाही, सपाटीवरचा आहे. भोवती खंदक आणि जाड तट. मोगलांनी खंदकापलीकडून जमिनीखाली सुरुंग खणले आणि त्यात दारू भरली. मोगलांच्याच छावणीतल्या एका माणसाला दया आली, ख्वाजा मुहम्मदखान शिराझी त्याचं नाव. रात्री येऊन त्याने किल्ल्यातल्या लोकांना सुरुंगांच्या जागा सांगितल्या. मग आतून उलट खणायला सुरुवात झाली. चांदबीबी स्वतः उभी राहून खणून घेत होती. काही सुरुंगांतली दारू काढून ते निकामी केले. पुढचा सापडेपर्यंत मोगलांनी बत्ती दिली आणि तटाचा मोठा भाग आभाळात उडाला.

खिंडार पडल्यावर मोठमोठे सरदार पळायच्या बेतात होते. त्या वेळी ती चिलखत घालून, तोंडावर बुरखा आणि हातात उघडी तलवार घेऊन खिंडारात येऊन उभी राहिली. तिला बघून पळणारे मागे फिरले. तोफा, बाण, दारूगोळा, जे हाती आलं ते मोगलांवर टाकलं. अंधार पडेपर्यंत मोगल पुन्हा पुन्हा चालून आले आणि खंदक प्रेतांनी भरला. आणि त्या रात्री कुणी झोपलं नाही. दगड, माती, लाकूड, मिळेल ते घालून खिंडार बुजवलं. सकाळी मोगल बघतात तर भिंत बरीच वर आलेली. गोळे संपल्यावर तिने तोफांत आधी तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरली आणि शेवटी दागिने घातले, अशीही कथा सांगतात. ती कथाच आहे. पण आम्हाला विचाराल तर तलवारीपेक्षा त्या रात्रीच्या भिंतीचं कौतुक जास्त. तलवार घेतलेली चांदबीबी चित्रात, नाटकात सगळीकडे दिसते. मध्यरात्री कंदिलाच्या उजेडात गवंड्यांना दगड पुरवणारी चांदबीबी कुणी काढलेली नाही.

किल्ला पडला नाही, पण आत धान्य संपत आलं होतं. मोगलांचेही हाल होते, त्यांच्या छावणीत टंचाई होती आणि विजापूरची फौज निघाल्याची खबर होती. दोन्ही बाजू थकलेल्या. १५९६ च्या सुरुवातीला तह झाला. मोगलांनी वेढा उठवायचा, बहादूरला राजा मानायचं, आणि त्या बदल्यात वऱ्हाड मोगलांना द्यायचं. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला तो भाग. आपलं अकोले नव्हे बरं, दरवेळी पत्रं चुकून तिकडे जातात ते अकोला. एवढा मोठा, कापूस पिकवणारा सुपीक सुभा तिने सोडला. वऱ्हाड निजामशाहीत येऊन तेव्हा जेमतेम बावीस वर्षं झाली होती. नवं गेलं, जुनं राहिलं. हा हिशोब आहे. कर्ज अंगावर आलं की घरातलं काय आधी मोडायचं, हे बाईला विचारावं लागत नाही. सरकी गेली तरी चालेल, बियाणं राहिलं पाहिजे.

या तहाबद्दल तिला कुणी फितूर म्हटलं नाही. उलट लोक तिला चांद सुलताना म्हणू लागले. बहादूरला चावंडहून आणून गादीवर बसवलं.

पुढची चार वर्षं परत तीच रड. तिने मुहम्मदखानाला पेशवा केलं, त्याने सगळी सत्ता आपल्याकडे ओढली. तिने इब्राहीमकडे, विजापूरच्या त्या वाढवलेल्या पोराकडे, मदत मागितली आणि त्याने फौज पाठवली. मुहम्मदखान गेला, निहंगखान आला. तोही थोड्या दिवसांत तिच्याच विरुद्ध उठला, किल्ल्याबाहेर राहून लढू लागला. मधल्या काळात मोगलांशी लढाया चालूच. मुराद १५९९ मध्ये मेला, तर अकबराने दुसरा मुलगा दानियाल पाठवला. बरोबर सेनापती अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे ज्यांचे दोहे आपण शाळेत पाठ केले ते रहीम. दोहे लिहिणारा माणूस किल्ल्याला वेढाही घालतो. निहंगखान घाटात मोगलांना अडवायला गेला, जमलं नाही, आणि नगरात न येता जुन्नरकडे निघून गेला.

आता चांदबीबीपुढे प्रश्न उभा राहिला. किल्ल्यात ती, लहान राजा, आणि एकमेकांवर विश्वास नसलेले सरदार. बाहेरून या वेळी कुणाची मदत येणार नव्हती. तिने जे सुचवलं ते असं. किल्ला मोगलांना देऊ, पण आतल्या सगळ्यांच्या जिवाची हमी घेऊन. राजाला घेऊन आपण जुन्नरला जाऊ, डोंगरात, आणि तिथून राज्य पुन्हा उभं करू. तिने हे हमीदखान नावाच्या अधिकाऱ्याला विश्वासात घेऊन सांगितलं. जिताखान असंही त्याचं नाव सांगतात. तो तिथून उठला आणि रस्त्यावर ओरडत सुटला की चांदबीबी मोगलांना मिळाली, किल्ला विकायला निघाली. जमाव जमला, तिच्या महालात घुसला आणि तिला मारून टाकलं. साल १६००. ती पन्नाशीची होती.

ज्या बाईने त्याच लोकांसाठी चार वर्षांपूर्वी खिंडारात उभं राहून तट राखला, तिच्यावर त्यांनी ओरडणाऱ्या एका माणसाच्या शब्दावर हात उचलला. कुणी आत जाऊन विचारलं नाही की बाई, खरं काय? १५९६ ला ती मोगलांशी बोलली तेव्हा ती शहाणी होती. १६०० ला पुन्हा बोलू म्हणाली तर ती फितूर. दोन्ही वेळा तिचा हिशोब एकच होता, थोडं सोडायचं आणि मूळ राखायचं.

हे ऐकताना आम्हाला आपल्याकडचा एक गट आठवतो. गावाचं नाव घेत नाही. गटाने भात एकत्र विकायचं ठरवलं होतं. ठरलेल्या भावाला व्यापारी येईना, आणि अवकाळी पाऊस आला. अध्यक्षताईने किलोमागे थोडा भाव सोडला आणि भात त्याच दिवशी उचलून दिलं. शेजारच्या वाडीतलं भात भिजून काळं पडलं, यांचं वाचलं. पण आठवड्यात गावभर झालं की ताईने व्यापाऱ्याकडून पाकीट घेतलं. पावती वहीत चिकटवलेली होती, वजनाचा काटा सगळ्यांसमोर झाला होता. वही उघडून बघायला दोघीजणीसुद्धा आल्या नाहीत. ताईने पासबुक, शिक्के, वही सगळं सचिवांच्या हाती दिलं आणि पुन्हा बैठकीला आली नाही. तिला परत आणायला आमचं दीड वर्ष गेलं. यात व्यापाऱ्याचा दोष कमी आणि गावाच्या तोंडाचा जास्त, असं आमचं मत आहे. तेव्हापासून त्या गटात भाव ठरवायचा ठराव आधी इतिवृत्तात लिहितात आणि सगळ्यांच्या सह्या घेतात. अमुक भावापर्यंत खाली यायचा अधिकार अध्यक्षांना, असं स्पष्ट. चांदबीबीकडे तसा कागद नव्हता. तिच्या नावाचं काहीच नव्हतं.

तिला मारल्यावर किल्ला वाचला का? नाही. काही आठवड्यांत, ऑगस्ट १६०० मध्ये, मोगलांनी सुरुंग उडवून किल्ला घेतला. आतल्या पुष्कळ लोकांची कत्तल झाली. बहादूर पकडला गेला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेला. जन्मानंतर चावंडची कैद, मधे चार वर्षं गादी, मग पुन्हा कैद. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर १६०० ला, लंडनमध्ये एलिझाबेथ राणीने काही व्यापाऱ्यांना पूर्वेकडे व्यापार करायची सनद दिली. तीच ईस्ट इंडिया कंपनी. तिकडची बाई स्वतःच्या नावाने गादीवर बसली होती, सही तिची, शिक्का तिचा. त्या सहीचा कागद दोनशे वर्षांनी आपल्या नगरच्या किल्ल्यापर्यंत पोहोचला. १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, आणि १९४२ मध्ये याच किल्ल्यात त्यांनी पंडित नेहरूंना डांबलं. नेहरूंनी तिथे जे पुस्तक लिहिलं, त्यात त्यांना या किल्ल्याच्या संदर्भात आठवली ती चांदबीबी.

आणि तिचा तो जुन्नरचा बेत? तो पुढे दुसऱ्याने खरा केला. मलिक अंबरने निजामशाही घराण्यातला एक वारस शोधला, परांड्याला त्याला गादीवर बसवलं, आणि मग काही वर्षं राजधानी नेली ती जुन्नरलाच. डोंगरांचा आधार घेऊन त्याने मोगलांना पंचवीस वर्षं दमवलं. अंबरला सगळे मुत्सद्दी म्हणतात, आणि होताच तो. पण राजाला घेऊन डोंगरात जाऊ आणि तिथून राज्य उभं करू, हे त्याच्या आधी चांदबीबी बोलली होती आणि त्यासाठी मेली होती. हे पुस्तकात एका ओळीत येतं आणि निसटून जातं, म्हणून आम्ही मुद्दाम सांगितलं.

त्याच मार्गावर पुढे शहाजीराजे आले. त्यांनी १६३३ मध्ये निजामशाहीतलं आणखी एक लहान मूल पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं कारभार केला. १६३६ मध्ये पलीकडे माहुलीच्या किल्ल्यावर ते मूल मोगलांच्या हाती गेलं आणि निजामशाही संपली. पेमगिरी शेजारच्या संगमनेर तालुक्यात आहे, आपल्याकडून लांब नाही. गडावर पेमादेवीचं देऊळ आहे आणि गावाजवळ तो प्रचंड वड आहे, ज्याच्या पारंब्यांखाली सबंध ग्रामसंघाची बैठक बसेल. यंदाची सहल काही गटांनी तिकडे काढायचं ठरवलं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिवांकडे नाव द्यावं, आणि गडावर चढताना पाण्याची बाटली जवळ ठेवावी. नमस्कार.